किराणा दुकानात कमरेला पिस्तूल : ओपन कॅरीबद्दल (बंदूक उघड बाळगण्याबद्दल) नियम, अनुभव, मतं

सायली_डी

मंडळी, बरीच वर्षं न्यू जर्सीत काढून आम्ही या उन्हाळ्यात डॅलसच्या उत्तरेला राहायला आलो. तिकडे पोलीस सोडून कुणाच्या कमरेला पिस्तूल पाहिल्याचं आठवत नाही. इथे किराणा घ्यायला गेले तर दुधाच्या फ्रीजपाशी एक गृहस्थ, कार्टमध्ये त्यांची लहान मुलगी, आणि पट्ट्याला सगळ्यांना दिसेल असं पिस्तूल. ते शांतपणे अंड्यांचं खोकं उघडून फुटकं अंडं नाही ना बघत होते. आजूबाजूच्या कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मी मात्र कार्ट वळवून दुसऱ्या रांगेत गेले.

मला विचारायचंय ते एवढंच. कायदा इथे नेमका काय आहे? दुकानाला नको म्हणायचा हक्क आहे का? असेल तर बहुतेक दुकानं तो वापरत का नाहीत? आणि तुम्ही अशा वेळी काय करता: खरेदी चालू ठेवता, निघून जाता, की मॅनेजरला सांगता?

बंदूक असावी की नसावी, बंदुकीचा हक्क देणारी अमेरिकेची दुसरी घटनादुरुस्ती बरी की वाईट, यावर इथे आधीच ढीगभर धागे आहेत. ते तिकडेच चालू द्या ही हात जोडून विनंती.

खडूस_पुणेकर

म्हणजे धागा पाचव्या प्रतिसादात तिकडेच जाणार. बसतो शेंगदाणे घेऊन.

टेक्सासकर

ह्यूस्टनमध्ये आयुष्य गेलंय, म्हणून आधी कायद्याचं सांगतो. मी वकील नाही.

परवाना असेल तर पिस्तूल उघड बाळगायची मुभा टेक्सासमध्ये १ जानेवारी २०१६ पासून आली. त्याआधी परवानाधारकालाही ते झाकूनच ठेवावं लागे. गंमत अशी, की लांब नळीची बंदूक, म्हणजे रायफल किंवा शॉटगन, खांद्याला लटकवून फिरायला पूर्वीही परवाना लागत नव्हता. मग १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने बंदूक बाळगायला अपात्र नसलेल्या माणसाला पिस्तुलासाठीही परवान्याची गरज उरली नाही. अट एकच, पिस्तूल दिसत असेल तर ते होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात हवं. तेव्हा तुम्हाला दिसलेले गृहस्थ बहुधा पूर्ण कायद्यात होते.

आता दुकानाचा हक्क. तो आहे, आणि चांगला भक्कम आहे. दुकान ही खाजगी जागा. पण नको म्हणायची रीत कायद्याने ठरवून दिलीय. दारावर पाटी लावायची, तिचे नंबर दंडसंहितेच्या कलमांवरून पडलेत. '३०.०६' म्हणजे परवानाधारकानेही लपवलेलं पिस्तूल आत आणू नये. '३०.०७' म्हणजे उघडं आणू नये. २०२१ नंतर विनापरवाना मंडळींसाठी '३०.०५' आली. ०६ आणि ०७ च्या पाटीवरचा मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हीत, अक्षरं किमान एक इंच उंचीची, रंग पार्श्वभूमीवर उठून दिसणारा. त्यामुळे या दोन्ही पाट्या लावल्या की अर्धी काच भरते. बंदुकीवर लाल काट मारलेलं छोटं स्टिकर लावून परवानाधारकाला ही सूचना दिली असं होत नाही.

पाटी न जुमानता आत गेलं तर दंड जास्तीत जास्त २०० डॉलर. पण तोंडी सांगितल्यावरही बाहेर पडला नाही तर प्रकरण एकदम वरच्या दर्जाच्या गुन्ह्यात जातं, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

बारच्या दारावर लाल '५१%' दिसेल. जिथलं निम्म्याहून जास्त उत्पन्न तिथेच बसून पिण्याच्या दारूचं, तिथे बंदूक न्यायची नाही. तो सरकारचा नियम, मालकाच्या मर्जीचा प्रश्न नाही.

एच-ई-बी या आमच्या लाडक्या किराणा साखळीने २०१६ चा कायदा येतानाच सांगून टाकलं होतं की परवानाधारकाचं झाकलेलं चालेल, उघडं नाही. व्हॉटाबर्गर या बर्गरच्या साखळीनेही तसंच. टेक्सासच्या मातीतल्या या दोन कंपन्या. त्यांच्यावर कुणी 'बाहेरचे' म्हणून शिक्का मारू शकलं नाही.

खडूस_पुणेकर

आम्हाला दुकानात दिसणारी बंदूक एकच. सराफाच्या किंवा बँकेच्या दारातल्या स्टुलावर बसलेल्या रखवालदाराची डबल बार, जी तो डुलकी लागली की भिंतीला टेकवून ठेवतो. २६/११ नंतर मॉलमध्ये शिरताना आमचीच पिशवी उघडून बघतात, पाण्याची बाटली असली तरी वास घेतात. तुमच्याकडे दुकानदाराने इंच मोजून पाटी लावायची आणि गिऱ्हाईक बंदूक घेऊन ती वाचणार. धन्य.

सायली_डी

@टेक्सासकर, फार उपयोगी माहिती, आभार. म्हणजे पाटी नसेल तर आपोआप परवानगी, असंच ना? मग मोठमोठ्या साखळ्यांनी 'आमच्या दुकानात बंदूक आणू नका' असं जाहीर केल्याच्या बातम्या येत होत्या त्याचं काय? त्यांच्या दारावर मला तरी पाटी दिसली नाही.

हिशेबनीस

सायली, तुम्ही नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. मी एका मोठ्या साखळीत (नाव सांगत नाही, अजून तिथलाच पगार खातो) असिस्टंट मॅनेजर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या बातम्या पुन्हा वाचा. सगळीकडे क्रियापद एकच: विनंती. सप्टेंबर २०१३ मध्ये स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांनी खुलं पत्र लिहून गिऱ्हाइकांना विनंती केली. जुलै २०१४ मध्ये टार्गेटने केली. तेव्हा टेक्सासमधले काही गट रायफली खांद्याला लावून दुकानात, बर्गरच्या हॉटेलात शिरायचे आणि फोटो टाकायचे. कायदेशीर होतं ते. सँडी हुक शाळेतल्या गोळीबारानंतर उभ्या राहिलेल्या मॉम्स डिमांड अ‍ॅक्शन या आयांच्या संघटनेने तेच फोटो कंपन्यांपुढे धरले आणि विचारलं, तुमच्या खेळण्यांच्या विभागात हे चालतं का? कंपन्यांना उत्तर देणं भाग पडलं.

मग २०१९. ३ ऑगस्टला एल पासोच्या वॉलमार्टमध्ये गोळीबार झाला, मृतांचा आकडा पुढे २३ वर गेला. त्याआधी चार दिवस मिसिसिपीत साउथहेवनच्या वॉलमार्टमध्ये दोन कर्मचाऱ्यांना गोळ्या घातल्या होत्या. आणि एल पासोला पाच दिवस होत नाहीत तोवर मिझुरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एक विशीतला पोरगा अंगात बुलेटप्रूफ जाकीट, हातात रायफल आणि शंभरेक गोळ्या घेऊन वॉलमार्टमध्ये शिरला. मॅनेजरने फायर अलार्म ओढून दुकान रिकामं केलं. पोरगं म्हणे बघत होतं, वॉलमार्ट आपला घटनादत्त हक्क मानतं की नाही. मिझुरीत ओपन कॅरी चालतं. तुम्ही त्या मॅनेजरच्या जागी असता तर काय केलं असतं ते सांगा.

३ सप्टेंबरला वॉलमार्टचे तेव्हाचे प्रमुख डग मॅकमिलन यांनी जाहीर केलं की पिस्तुलाच्या गोळ्या विकणं बंद, आणि ओपन कॅरी करू नये अशी गिऱ्हाइकांना विनंती. परवानाधारकांच्या झाकलेल्या पिस्तुलाबद्दल काही बदल नाही. क्रोगरने त्याच दिवशी री ओढली, त्याच आठवड्यात सीव्हीएस, वॉलग्रीन्स, वेगमन्स.

विनंतीच का? माझं मत सांगतो, कंपनीचं नव्हे. बंदी घातली की ती कुणीतरी अमलात आणायला हवी. दाराशी कोण असतं? सेल्फ-चेकआउटवर उभी कॉलेजची मुलगी, नाहीतर रिटायर झालेले आजोबा. त्यांनी कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाला जाऊन सांगायचं, साहेब बाहेर व्हा? कायदेशीर पाटी लावली की मोडणाऱ्याला गुन्हेगार ठरवावं लागतं, पोलीस बोलवावे लागतात, आणि त्याचा व्हिडिओ रात्रीपर्यंत देशभर फिरतो. विनंतीत दोन्ही बाजूंना पळवाट आहे. ज्याला ऐकायचं तो ऐकतो, बाकीच्यांना आम्ही पाहिलंच नाही असं होतं.

आम्हाला दिलेलं शिक्षण साधारण असं. साध्या कर्मचाऱ्याने काहीही बोलायचं नाही, मॅनेजरला कळवायचं. मॅनेजरने लांबून पाहायचं. पिस्तूल होल्स्टरमध्ये आहे का? हात कुठे आहे? माणूस सामान बघतोय की माणसं बघतोय? रायफल पाठीवर उलटी लटकलीय की पुढे धरलीय? होल्स्टरमध्ये असेल, हात कार्टवर असतील तर शक्यतो काही नाही. कधी वाटलं तर एका बाजूला घेऊन, आवाज न चढवता, 'पुढच्या वेळी गाडीत ठेवाल का' एवढंच. हातात असेल तर थेट ९११ ला, म्हणजे पोलिसांना फोन आणि सगळ्यांना मागच्या दाराने बाहेर.

यात सगळ्यात अवघड जातं ते बंदूकवाल्याशी बोलणं नव्हे. सर्व्हिस काउंटरवर थरथरत येऊन 'काहीतरी करा ना' म्हणणाऱ्या बाईंना 'ते कायद्यात बसतं' हे सांगणं. त्या पुन्हा येत नाहीत. बंदूकवाला येतो.

मोगरा

शेवटची दोन वाक्यं वाचून गप्प बसले. माझ्या मते धंद्याच्या भाषेतही हे तोट्याचंच आहे, पण निघून जाणारी गिऱ्हाइकं ओरडत नाहीत म्हणून ती मोजली जात नाहीत.

रेंजवाला

मी या धाग्यावरचा खलनायक. नागरिक आहे, परवाना आहे, रोज पिस्तूल बाळगतो. झाकून. दर शनिवारी रेंजवर जातो, बायको वैतागते.

ओपन कॅरी मलाही मूर्खपणा वाटतो, पण कारणं तुमच्यापेक्षा वेगळी आहेत. कुणी खरंच दुकान लुटायला आला तर पहिली गोळी कुणाला घालेल? ज्याचं पिस्तूल दिसतंय त्याला. दुसरं, रांगेत मागे उभ्या माणसाने ओढून घेतलं तर? पोलिसांच्या होल्स्टरला दोन-तीन टप्प्यांचं कुलूप असतं, झटकन ओढता येत नाही. स्वस्तातल्या नायलॉनच्या होल्स्टरला काहीच नसतं, आणि दुकानात फिरणारे निम्मे लोक तेच लावतात. शिवाय टॉयलेटमध्ये काढून ठेवलेलं पिस्तूल तिथेच विसरणारे महाभाग. मी स्वतः एकदा पेपर रोलच्या डब्यावर ठेवलेलं पाहिलंय, दाराशी उभं राहून मॅनेजरला बोलावलं.

२०१४ मध्ये रायफली घेऊन हॉटेलात शिरणाऱ्यांना एनआरए या बंदूकवाल्यांच्या संघटनेच्याच संकेतस्थळावर 'विचित्र' म्हटलं गेलं होतं. मग ओरड झाली आणि माघार घेतली ते सोडा. पण बंदूकवाल्यांतही याबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ आहेत एवढं लक्षात घ्या.

आता झाकून तरी कशाला, असं विचारणार. टेक्सासमध्ये उत्तर एका घटनेत मिळतं. १६ ऑक्टोबर १९९१, किलीन गावातलं लूबीज कॅफेटेरिया, २३ माणसं मारली गेली. सुझाना हप नावाच्या बाई आईवडिलांसोबत जेवत होत्या. त्यांचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं, कारण तेव्हाच्या कायद्याने आत आणता येत नव्हतं. दोघे आईवडील गेले. बाई पुढे आमदार झाल्या. टेक्सासने १९९५ मध्ये झाकलेल्या पिस्तुलाचा परवाना सुरू केला त्यामागे त्यांची साक्ष होती. आणि १७ जुलै २०२२ ला इंडियानात ग्रीनवुड पार्क मॉलमध्ये एका २२ वर्षांच्या मुलाने झाकलेलं पिस्तूल काढून हल्लेखोराला काही सेकंदांत आडवं केलं. तोवर तिघे गेले होते. मॉलचा नियम 'बंदूक आणू नका' असाच होता, बरं का.

सुप्रिया_ताई

@रेंजवाला, तुमचा सूर आवडला, म्हणून भांडत नाही. पण ग्रीनवुडच्या जोडीला आर्वाडाही सांगा ना. जून २०२१, कोलोरॅडो. हल्लेखोराने एका पोलिसाला मारलं होतं. तिथल्या एका सामान्य माणसाने आपल्या पिस्तुलाने त्या हल्लेखोराला पाडलं, त्याची रायफल उचलून हातात घेतली, आणि तेवढ्यात धावत आलेल्या पोलिसाने यालाच हल्लेखोर समजून गोळी घातली. गेला तो. हिरो आणि खुनी यांच्यात पोलिसाला फरक करायला किती वेळ मिळतो?

आणि बफेलोचं टॉप्स सुपरमार्केट, मे २०२२. तिथे दाराशी सशस्त्र रखवालदार होता, निवृत्त पोलीस. त्याने गोळी झाडली, ती लागलीही म्हणतात, पण समोरच्याने चिलखत घातलं होतं. दहा माणसं गेली, त्यात तो रखवालदारही.

आम्ही अ‍ॅलनजवळ राहतो. ६ मे २०२३ ला तिथल्या आउटलेट मॉलमध्ये आठ जण मारले गेले, त्यात आपल्याकडची एक तरुण इंजिनिअरही होती. हैदराबादची. आमच्या मंडळातले निम्मे लोक दर सुट्टीला तिथेच बूट घ्यायला जातात. त्यानंतर मला कमरेचं पिस्तूल दिसलं की त्या माणसाचा हक्क वगैरे आठवत नाही. दार कुठे आहे ते आठवतं. मुलांनाही तेच शिकवलंय, दुकानात शिरल्यावर मागचं दार कुठे ते आधी बघायचं. आठ वर्षांची मुलगी आता गोदामाचं दार मला दाखवते.

रेंजवाला

आर्वाडाचं मान्य. माझ्या प्रशिक्षकाने तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, काम झालं की हत्यार खाली आणि हात वर, पोलीस येण्याच्या आत. अ‍ॅलनबद्दल मी काही बोलू शकत नाही.

कातळशिल्प

इथे एक गोष्ट कुणीच बोललं नाही. ओपन कॅरीचा हक्क कागदावर सगळ्यांना सारखा, दुकानात तसा नाही.

५ ऑगस्ट २०१४, ओहायोतल्या बीव्हरक्रीकचं वॉलमार्ट. जॉन क्रॉफर्ड, २२ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण. त्याने दुकानाच्याच शेल्फवर खोक्याबाहेर पडलेली छर्ऱ्याची बंदूक उचलली आणि फोनवर बोलत दुकानात फिरत राहिला. एका गिऱ्हाइकाने ९११ ला कळवलं की हा लोकांवर बंदूक रोखतोय. पोलीस आले आणि पाहताच गोळी झाडली. त्या पळापळीत एका बाईंना हृदयविकाराचा झटका येऊन त्याही गेल्या. ओहायोत ओपन कॅरी कायदेशीर. म्हणजे हातातली बंदूक खरी आणि भरलेली असती तरी नुसती बाळगणं गुन्हा नव्हता. खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या ग्रँड ज्युरीने पोलिसांवर आरोप ठेवले नाहीत.

जरा मागे जा. मे १९६७ मध्ये ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. त्याच वर्षी तिथे भरलेली बंदूक उघड बाळगायला बंदी आली, सही गव्हर्नर रेगन यांची. बंदूक कुणाच्या हातात दिसते त्यावर कायदा कुठे वळतो ते बघा.

आपली पोरं सावळी, दाढीवाली. दुकानात पिस्तूल लावून फिरायचा कुणाला मोह होत असेल तर आधी हे वाचा.

नवा_गडी

एच-१बी वर आहे. मित्र म्हणतो टेक्सासमध्ये बंदूक कुणीही घेऊ शकतं, परवाना लागत नाही. खरंय का? विचारतोय फक्त.

टेक्सासकर

अजिबात नाही, आणि मित्राला आवर घाल. राज्याने परवाना काढून टाकला तरी केंद्राचा कायदा आहेच. एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा केंद्राचा मोठा गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नकोस. ग्रीन कार्ड मिळालं की बंदी उठते. मित्रासोबत रेंजवर जाऊन 'एकदा मारून बघतो' म्हणणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावं. पुढे इमिग्रेशनच्या फाइलमध्ये हे निघालं तर टाऊन हॉलमधल्या गणपतीची वर्गणी परत मागायची वेळ येईल.

जुना_दप्तरी

इतिहासाचं थोडं. लोकांना वाटतं की काउबॉयच्या काळात सगळे कमरेला पिस्तूल लावून वाण्याकडे जायचे, आणि आताचे लोक तीच परंपरा चालवतायत. उलट आहे. कॅन्ससच्या डॉज सिटीत गावाच्या वेशीवर फलक होता, गावात शस्त्र बाळगायला सक्त मनाई. अ‍ॅरिझोनात टूमस्टोन गावातही तसाच ठराव होता. गावात आलात की हत्यार जमा करा, जाताना घेऊन जा. २६ ऑक्टोबर १८८१ ची ओ. के. कोरालजवळची ती प्रसिद्ध चकमक झाली त्यामागे जुनं वैर होतं, पण निमित्त हाच ठराव मोडल्याचं होतं. आणि खुद्द टेक्सासने १८७१ मध्ये पिस्तूल अंगावर बाळगायला बंदी घातली, ती थोड्याफार अपवादांसह १९९५ पर्यंत टिकली. म्हणजे सायलीताईंना दिसलेलं दृश्य त्यांच्या पणजीच्या काळात टेक्सासात दिसलं असतं तर शेरीफने त्या गृहस्थांना आत टाकलं असतं.

खडूस_पुणेकर

हत्यार जमा करा, जाताना घेऊन जा... हे तर आमच्याकडे दर निवडणुकीला होतं की!

कुडाळकर

खडूसराव, अगदी. आमच्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका घरोघर आहेत. बऱ्याच ठासणीच्या, आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर आलेल्या. रानडुक्कर, माकडं, यांच्यासाठी. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची, पावती घ्यायची, निकालानंतर आणायची. ती नेमकी काजूच्या किंवा भाताच्या हंगामात आली की शेतकरी बोंबलतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलंय की सरसकट सगळ्यांच्या जमा करायच्या नाहीत, समितीने छाननी करून ठरवावं. प्रत्यक्षात ठाण्यावरून फोन आला की माणूस मुकाट नेऊन देतो.

पण ती बंदूक घेऊन कुणी बाजारात गेला, तर? कुडाळच्या बुधवारच्या बाजारात खांद्याला बंदूक लावून मासळी घ्यायला गेलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. गेला तर कोळणीच त्याला आधी फैलावर घेतील. इथे बंदूक म्हणजे माळ्यावरचं अवजार आहे, मिरवायची वस्तू नाही.

मिरवणारे दुसरीकडे आहेत. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनवरून दोनवर आणल्या. आणि २०२५ च्या सुरुवातीला बीडमधल्या परवान्यांचं प्रकरण सगळ्यांनी बातम्यांत पाहिलंच. कमरेचं पिस्तूल दाखवत रील काढणारे पुढारी, मग परवाने रद्द करायची धावपळ. ते काही रानडुकरासाठी नव्हतं.

रेंजवाला

कुडाळकर, 'अवजार, मिरवायची वस्तू नाही', हे माझ्या क्लबात भिंतीवर लावायला हवं. मी झाकून ठेवतो ते याचसाठी.

हिशेबनीस

पण मग झाकलेलं असलं की आम्ही निश्चिंत का? माझ्या दुकानात रोज किती झाकलेली पिस्तुलं येऊन जातात मला माहीत नाही, सायलीताईंनाही नाही. दिसलेलं एक भिववतं, न दिसलेली बाकीची नाहीत. कंपनीची विनंतीही दिसण्याबद्दलच आहे, असण्याबद्दल नाही. मी यावर बऱ्याच रात्री विचार केलाय आणि तरीही म्हणतो, दिसू नये तेच बरं. दिसणाऱ्या बंदुकीमुळे ९११ चे फोन जातात, फोनमुळे पोलीस येतात, आणि घाबरलेला पोलीस माझ्या दुकानात यावा असं मला कधीच वाटत नाही. बीव्हरक्रीकचं उदाहरण वर आलंच आहे.

फ्लोरिडाची_मावशी

आमच्याकडे तर हे ताजं ताजं आहे. फ्लोरिडात १९८७ पासून उघडं बाळगायला बंदी होती. १० सप्टेंबर २०२५ ला राज्याच्या अपील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली आणि अ‍ॅटर्नी जनरलने लगेच सांगून टाकलं की आता राज्यभर हाच कायदा. म्हणजे इतकी वर्षं न दिसलेली गोष्ट एकाएकी भाजीच्या शेजारी दिसायला लागली. इथे दुकानदाराने 'बाहेर जा' म्हटल्यावर हत्यारासह थांबून राहणं हा टेक्सासपेक्षाही मोठा गुन्हा आहे, पण ते 'बाहेर जा' कुणी म्हणायचं, हिशेबनीस म्हणतात तोच प्रश्न.

कातळशिल्प

हवाईने यावर २०२३ मध्ये उलटा नियम केला होता. त्या नियमाप्रमाणे दुकान गप्प असेल तर बंदूक आणायची नाही. आणायची तर मालकाने आधी 'चालेल' म्हणायला हवं, पाटीने किंवा तोंडी. टेक्सासात गप्प राहणं म्हणजे होकार, हवाईच्या त्या नियमात गप्प राहणं म्हणजे नकार. बहुतेक दुकानदारांना या भांडणात पडायचंच नसतं, ते गप्पच राहणार, त्यामुळे सगळा निकाल या एका गोष्टीवर लागतो. म्हणूनच बंदूकवाल्यांनी तो नियम थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला.

टेक्सासकर

कातळशिल्प, हा मुद्दा धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा. बाकी हक्क, परंपरा यावर भांडून काही होत नाही, पाटी लावायचं ओझं कुणाच्या डोक्यावर टाकलंय ते बघायचं.

दुकानदार_प्लेनो

ओझं ज्याच्या डोक्यावर तो मी. मित्राने लिंक पाठवली म्हणून आयडी काढला. आमचं छोटं देशी किराणा दुकान आहे, मागच्या बाजूला वडापाव आणि चहाचं काउंटर.

२०२१ चा कायदा आला तेव्हा घरात मोठी चर्चा झाली. बायको म्हणे तिन्ही पाट्या लाव. मुलगा म्हणे एकही नको, लुटारूला कळेल की आत कुणाकडे काही नाही. चोरीचा अनुभव आमच्या लायनीतल्या सगळ्यांना आहे. पेट्रोल पंप आणि मोटेलवाल्या आपल्या लोकांना विचारा, गल्ल्याखाली काय ठेवतात. मी ते विचारत नाही, तुम्हीही विचारू नका.

शेवटी फक्त ३०.०७ लावली. उघडं नको. झाकलेलं कुणाकडे असेल तर मला दिसत नाही, मी विचारत नाही. पाटी लावायच्या आधी प्लाझाच्या मालकाला विचारलं. तो म्हणाला लाव, पण काच खराब करू नकोस. पाटी ऑनलाइन मिळते, चिकटवायची आणि टांगायची दोन्ही. दोन दारं असतील तर दोन घ्या, मागच्या पार्किंगच्या दाराची लोक विसरतात. उन्हाने पांढरी अक्षरं पिवळी पडतात, तेव्हा वर्षा-दीड वर्षाने बदला. रंगाचा फरक दिसला नाही तर पाटी ग्राह्य धरत नाहीत असं मला आमच्या भागातल्या एका पोलिसाने सांगितलं.

त्रास? सुरुवातीला एक शेतकरी गडी यायचे, रॅंचवरून थेट, मिरची आणि हळद घ्यायला, लोणची घालतात म्हणे. कमरेला पिस्तूल. पाटी वाचून दारातूनच परत वळले. मला वाटलं गेलं गिऱ्हाईक. पाच मिनिटांनी आले, पिस्तूल ट्रकमध्ये ठेवून. काही बोलले नाहीत, मीही नाही. चहा दिला. दुसरे एक मात्र आले नाहीत पुन्हा, इंटरनेटवर एक तारा देऊन गेले आणि 'अमेरिकाविरोधी दुकान' लिहिलं. त्याखाली आमच्या एका गोऱ्या गिऱ्हाइकाने लिहिलंय की इथला वडापाव छान असतो.

सायली_डी

@दुकानदार_प्लेनो, पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा ना. आणि सुप्रियाताई, तुमच्या लेकीसारखी मीही परवा दार शोधून ठेवलं, गोदामाचं दार नेमकं बंद होतं. @हिशेबनीस, ते तसं बंद ठेवणं चालतं का, की फायर कोडमध्ये येत नाही?

हिशेबनीस

बाहेर पडायच्या दाराला आतून कुलूप चालत नाही. बाहेरून उघडलं नाही तर ठीक, आतून ढकलल्यावर उघडायलाच हवं. पुढच्या वेळी दाराला आडवी दांडी आहे का बघा. ती असूनही उघडलं नाही तर मॅनेजरला सांगा, आणि त्यानेही ऐकलं नाही तर शहराच्या फायर मार्शलला फोन करा. यात विनंती वगैरे काही नसतं, ते थेट येऊन तपासतात.